गरोदरपणात शुगर निघाली, म्हणून बाळाचे दूध तोडू नका



मोरा बंदराच्या वस्तीतल्या एका घरातली ही गोष्ट. नाव सांगत नाही, कारण अशी गोष्ट घरोघर होते. सुनेला सातव्या महिन्यात शुगर निघाली. तिने पथ्य पाळले, सुया घेतल्या आणि बाळंतपण दवाखान्यात सुखरूप झाले. पण बाळ हातात येताच नात्यातली एक बाई म्हणाली, "हिच्या अंगात साखर आहे, दुधातून बाळाला लागेल. डब्याचं दूध आणा." सासूबाई घाबरल्या आणि मुलाला मेडिकलवर पाठवले. पहिले सहा तास बाळ आईच्या कुशीतच गेले नाही. तेवढ्यात बाळाची शुगर उतरली आणि त्याला काचेच्या खोलीत ठेवावे लागले.

पुढे सगळे ठीक झाले. पण ते सहा तास टाळता आले असते. त्या घरात कोणी वाईट नव्हते. योग्य माहिती मात्र कोणापाशीच नव्हती. ती माहिती या वेळच्या आरोग्याच्या पानात देत आहोत. सुरुवातीलाच सांगतो: गरोदरपणात शुगर झालेल्या आईचे दूध बाळाला बाधत नाही. उलट अशा आईने इतरांपेक्षा लवकर आणि जास्त वेळा पाजायला हवे. त्यात बाळाचे हित आहे आणि आईचेही.

ही शुगर येते कुठून?

पोटात बाळ वाढते तशी वार, म्हणजे नाळेचा गोळा, काही संप्रेरके तयार करते. बाळाला भरपूर साखर मिळावी म्हणून ती आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात. बहुतेक बायकांचे शरीर जास्त इन्सुलिन बनवून हे भरून काढते. ज्यांचे शरीर तेवढे पुरे पडत नाही, त्यांच्या रक्तात साखर वाढते. याला गरोदरपणातला मधुमेह म्हणतात. बाळंतपणात वार बाहेर पडली की हा जोर ओसरतो आणि बहुतेकींची साखर पुन्हा जागेवर येते.

"मी तर बारीक आहे, गोडही खात नाही, मला कशी शुगर?" असे बायका विचारतात. याचे उत्तर शोधणारे मोठे काम आपल्याच महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तिथली बाळे वजनाने लहान होती, पण अंगात चरबीचे प्रमाण मात्र वजनाच्या मानाने जास्त होते. वरून बारीक दिसणाऱ्या माणसालाही मधुमेह का गाठतो, हे समजायला त्यातून मदत झाली. म्हणून शुगर हा काही श्रीमंतांचा किंवा जाड माणसांचाच आजार नाही. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या घरांत तो सहज शिरतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि तो बाईचा दोषही नाही.

सरकारी दवाखान्यात यासाठी सोपी तपासणी असते. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात आणि दोन तासांनी रक्त तपासतात. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला, तर गरोदरपणातला मधुमेह समजतात. पहिली तपासणी नाव नोंदवतानाच होते. ती ठीक आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करतात. ही तपासणी चुकवू नका.

पहिला तास सोन्याचा का?

आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, पण आईचे इन्सुलिन जात नाही. त्यामुळे जास्तीची साखर पचवायला पोटातले बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवू लागते. जन्मानंतर नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम बंद होते. बाळाच्या अंगातले जास्तीचे इन्सुलिन मात्र लगेच कमी होत नाही. म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर घसरू शकते. मोऱ्याच्या त्या घरात हेच झाले.

यावरचा पहिला उपाय आईच्या छातीशीच आहे. बाळ पुसून कोरडे करा आणि उघड्या अंगाने आईच्या छातीवर ठेवा. वरून दोघांना पांघरूण घाला. तासाभराच्या आत बाळ अंगावर घ्या. आईच्या उबेने बाळाची साखर आणि अंगाची ऊब दोन्ही टिकतात. सिझेरियन झाले असले तरी नर्सच्या मदतीने आई झोपल्या झोपल्या पाजू शकते.

दवाखान्यात बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर पाहतात. पहिल्या तासाभरात आणि त्यानंतर ठरावीक वेळाने, आकडा स्थिर होईपर्यंत ही तपासणी होते. "एवढ्याशा जिवाला कशाला टोचता?" असे म्हणून कोणी अडवू नये. आकडा ४५ च्या खाली गेला की डॉक्टर लक्ष घालतात. बाळाला पुन्हा पाजायला सांगतात, काढलेले दूध देतात आणि गरज पडली तर सलाईनमधून साखर देतात.

नातेवाइकांनी ही लक्षणे ओळखून ठेवावीत: हातपाय थरथरणे, अंग ढिले पडणे, बाळ जागेच न होणे, दूध न ओढणे, अंग गार लागणे, ओठ निळसर होणे, विचित्र आवाजात रडणे, झटका येणे. दवाखान्यात असाल तर लगेच नर्सला बोलवा. घरी असाल तर १०८ ला फोन करा. मोऱ्यात राहणाऱ्यांनी अशा वेळी भाऊच्या धक्क्याच्या लाँचचा विचार करू नये. ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही, हे आपल्याला माहीतच आहे. रस्त्याने उरण किंवा पनवेल गाठा. कोणत्या दवाखान्यात जायचे आणि रात्री गाडी कोणाची, हे नववा महिना लागायच्या आतच घरात ठरवून ठेवा.

दुधातून साखर बाळाला लागते का?

नाही. दुधातली गोडी ही दुधातलीच साखर असते. ती स्तनात तयार होते आणि प्रत्येक आईच्या दुधात असते. शुगर झालेल्या आईचे दूध प्यायल्याने बाळाला मधुमेह होत नाही.

औषधांचे काय? बाळंतपणानंतर बहुतेकींची औषधे बंदच होतात. इन्सुलिन चालू राहिले तरी बाळाला धोका नाही. मेटफॉर्मिनची गोळी चालू असेल तर तिचा अगदी थोडा अंश दुधात उतरतो आणि ती पाजणाऱ्या आईला चालते. मात्र कोणतीही गोळी घेण्याआधी डॉक्टरांना "मी अंगावर पाजते" हे सांगा. आपल्या मनाने गोळी बंद करू नका आणि आपल्या मनाने दूधही बंद करू नका. इन्सुलिन चालू असलेल्या आईने पाजण्याआधी काहीतरी खाऊन घ्यावे. दूध बनवण्यात अंगातली साखर खर्च होते, त्यामुळे तिला घाम, थरथर, चक्कर येऊ शकते.

दूध उशिरा आले तर?

हे मोकळेपणाने सांगायला हवे. शुगर झालेल्या काही बायकांना दूध भरायला तीन दिवसांपेक्षाही जास्त वेळ लागतो. सिझेरियन झाले असेल, वजन जास्त असेल किंवा बाळ वेगळ्या खोलीत असेल, तर आणखी उशीर होतो. याच काळात घरातले म्हणतात, "हिला दूधच नाही." तिथेच डबा घरात शिरतो. बाळ ओढत नाही म्हणून दूध वाढत नाही आणि दूध वाढत नाही म्हणून डबा सुटत नाही.

पहिल्या दिवसांत येणारे पिवळसर घट्ट दूध म्हणजे चीक. तो कमीच असतो, कारण बाळाचे पोटही तेवढेच असते. पहिल्या दिवशी एका वेळेला चहाचा एखादा चमचा चीकही बाळाला पुरतो. तो पिळून फेकून देऊ नका. चिकात आजारांशी लढायची ताकद असते.

त्या दिवसांत असे करा:

दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा बाळ अंगावर घ्या. रात्रीही घ्या. बाळ झोपले असेल तर तळपायाला हलकेच चोळून जागे करा.

बाळाच्या तोंडात फक्त बोंड नको, भोवतीचा काळा भागही जायला हवा. बाळाची हनुवटी छातीला टेकलेली असावी. पाजताना सारखे दुखत असेल, तर पकड चुकली आहे. नर्सला किंवा आशाताईंना दाखवा.

बाळ ओढत नसेल किंवा वेगळ्या खोलीत असेल, तर दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढा. हात धुवा, अंगठा आणि बोटे काळ्या भागाच्या कडेला ठेवा, मागे दाबा आणि मग एकमेकांकडे आणा. निघालेला थेंब न् थेंब स्वच्छ वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाटली नको.

दूध पुरते की नाही, हे बाळाच्या शूवरून कळते. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू झाली आणि दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत आले, तर दूध पुरते आहे. नुसत्या रडण्यावरून ठरवू नका.

एवढे करूनही वजन भरत नसेल आणि डॉक्टरांनी वरचे दूध सांगितले, तर ते द्या. त्यात आईचा पराभव नाही. फक्त आधी अंगावर घ्या, मग वाटी-चमच्याने वरचे द्या. मोठ्या रुग्णालयांत दुसऱ्या मातांनी दान केलेले, तपासून निर्जंतुक केलेले दूधही असते. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ साली मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या प्रयत्नाने सुरू झाली. बाळ फार लहान किंवा आजारी असेल, तर अशा दुधाबद्दल डॉक्टरांना विचारा.

आणखी एक लक्षात ठेवा. बाळाच्या दुधाच्या डब्यांची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. कोणी फुकट डबा हातात ठेवला, तर तो नाकारा.

मध, घुटी, साखरेचे पाणी, गाईचे दूध यांतले काहीही चाटवू नका. सहा महिने फक्त आईचे दूध द्या, पाणीसुद्धा नको. त्यानंतर मऊ भात, वरण, अंडे असे घरचे खाणे सुरू करा आणि दोन वर्षे किंवा पुढेही पाजत राहा.

बाळंतिणीच्या ताटात काय?

इथे आपल्या सासूबाईंची आणि आईची मोठी जबाबदारी आहे. बाळंतिणीला दिवसातून तीन-तीन लाडू, वर गुळाची खीर आणि शिरा, असे आपण प्रेमाने भरवतो. शुगर झालेल्या मुलीला हे प्रेम जड जाते. दुसरीकडे काही घरांत शुगरच्या भीतीने तिला भातही देत नाहीत. दोन्ही चूक. पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात. तिला उपाशी ठेवू नका, फक्त ताट बदला.

आपल्या किनाऱ्यावर यासाठी बाहेरून काही आणावे लागत नाही. ताटाचा अर्धा भाग भाजी असू द्या: माठ, मेथी, शेवग्याचा पाला, दुधी. पाव भाग मासे, अंडी, सुकट, वाल, कुळीथ किंवा डाळ. उरलेल्या पाव भागात भात किंवा भाकरी, आणि तांदळाऐवजी अधूनमधून नाचणीची किंवा ज्वारीची. दिवसातून पाच वेळा थोडे थोडे खा. डिंकाचा किंवा मेथीचा लाडू करायचाच असेल, तर गूळ कमी घाला, लाडू लहान वळा आणि दिवसाला एकच द्या. गोड चहा आणि बिस्किटे टाळा. दूध वाढवणाऱ्या पावडरीत साखर असू शकते, म्हणून डबा वाचल्याशिवाय घेऊ नका. दूध वाढते ते मुख्यतः बाळ ओढते म्हणून.

पाजल्याने आईला काय मिळते?

ही गोष्ट आपल्या वस्तीत फार कमी बायकांना माहीत आहे. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर बायकांच्या सात पटींहून जास्त असतो. कोणाला तो दोन वर्षांत होतो, कोणाला पंधरा वर्षांनी. बाळंतपणानंतर शुगर गेली म्हणजे ती पुन्हा येणार नाही, असे नाही.

हा धोका कमी करायला पाजण्याची मदत होते. दूध बनवायला आईच्या अंगातली साखर आणि चरबी रोज खर्च होते आणि तिचे इन्सुलिन चांगले काम करते. अमेरिकेत कॅलिफोर्नियात अशा एक हजारावर मातांचा दोन वर्षे अभ्यास झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी दहा महिन्यांहून जास्त काळ पाजले, त्यांच्यात मधुमेहाचा धोका दोन महिन्यांच्या आत पाजणे सोडणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी दिसला. पाजणे म्हणजे मधुमेहावरचे औषध नव्हे आणि खात्रीही नव्हे. पण बिनपैशाचा एवढा उपयोगी उपाय दुसरा सापडणे कठीण.

दीड महिन्याची तपासणी विसरू नका

बाळाच्या लशी आपण चुकवत नाही. पण आईची तपासणी मात्र बहुतेक घरांत राहून जाते. म्हणून सोपी खूण सांगतो. बाळाला सहा आठवड्यांनी, म्हणजे दीड महिन्याला लस असते. आशाताईंची नवजात बाळासाठीची शेवटची घरभेटही ४२ व्या दिवशी असते. त्याच सुमारास आईनेही ग्लुकोजची तपासणी करून घ्यावी. आदल्या रात्री जेवून सकाळी उपाशीपोटी जावे. सोबत घरातले एक माणूस न्यावे. दोन तास बसावे लागते, त्या वेळात बाळाला पाजायला हरकत नाही.

ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी आकडा १४० च्या खाली असेल तर ठीक. १४० ते १९९ म्हणजे सीमारेषा. २०० किंवा जास्त, अथवा उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा जास्त आला, तर मधुमेहाची शक्यता. मग डॉक्टर पुढचे ठरवतील. आकडा चांगला आला तरी दरवर्षी तपासा. पुढच्या वेळी दिवस गेले, तर पहिल्याच भेटीत "मागच्या वेळी शुगर होती" हे सांगा. आणि दोन बाळांत अंतर ठेवा, त्यासाठी तांबीबद्दल दवाखान्यात विचारा.

कामावर जाणाऱ्या आईचे काय?

आमच्या भगिनी विचारतील, "हे सगळं खरं, पण दोन महिन्यांत कामावर जावं लागतं, मग पाजायचं कधी?" हा प्रश्न बाबासाहेबांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी विधिमंडळात नेला होता. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी मांडले, की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याच्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. १९२९ साली मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

आज कायद्याप्रमाणे पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे; हा नियम १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने आला होता. कामावर परतल्यावर बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन वेळा सुट्टी मिळते. पन्नास किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवे. गोदामात, कंपनीत, शाळेत कामाला असाल, तर हे लेखी मागा.

घरकाम करणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, रोजंदारीवर जाणाऱ्या बहिणींपर्यंत हा कायदा पोहोचत नाही. त्यांनी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचा अर्ज अंगणवाडीतून किंवा आशाताईंकडून भरावा. पहिल्या बाळासाठी ५ हजार रुपये मिळतात. कामावर जाण्याआधी पाजा आणि आल्याबरोबर पाजा. जाताना दूध काढून झाकणाच्या स्वच्छ स्टीलच्या भांड्यात थंड सावलीत ठेवा. ते चार तास टिकते, कडक उन्हाळ्यात त्याआधीच वापरा. उरलेले पुन्हा ठेवू नका. घरातल्यांनी ते वाटी-चमच्याने पाजावे. रात्री आई पाजत असेल, तर सकाळचे पाणी भरणे आणि धुणी-भांडी बाळाच्या बाबांनी करावीत. आईची झोप झाली नाही, तर पाजणे टिकत नाही.

शेवटी

मोऱ्याच्या त्या सुनेचे काय झाले? चौथ्या दिवशी तिला दूध भरले. डबा पंधरा दिवसांत सुटला. सासूबाईच रात्री उठून बाळ तिच्या कुशीत द्यायला लागल्या. दीड महिन्याला लशीच्या दिवशी तिने तपासणी केली, तेव्हा आकडा १५६ आला. मधुमेह नाही, पण सीमारेषा. ती आता रोज संध्याकाळी बाळाला कडेवर घेऊन चालते आणि वर्षाने पुन्हा तपासणार आहे. ती तपासायला गेली नसती, तर हे कळलेच नसते.

वस्तीत कोणाला गरोदरपणात शुगर निघाली असेल, तर हे पान तिच्या घरी वाचून दाखवा. सुनेला एकटीला नव्हे, तिची सासू, आई आणि नवरा यांनाही. विहारात महिला मंडळाची बैठक असेल तेव्हा आशाताईंना बोलवा आणि दूध काढायची पद्धत सगळ्यांना शिकवायला सांगा. पुढच्या बाळंतपणात पहिला तास वाया जाऊ नये, एवढेच आमचे मागणे आहे.

जय भीम!